किल्ली एकाच खिशात नको : नवे सर्व्हर चालवणाऱ्यांना खुलं पत्र

फेडिव्हर्सवर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या पण एकमेकांशी जोडलेल्या समाजमाध्यम-सर्व्हरांच्या जाळ्यावर, नवे सर्व्हर उभारणाऱ्या, चालवणाऱ्या आणि ‘बघू कधीतरी’ म्हणून डोमेन घेऊन ठेवलेल्या तमाम ॲडमिन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

भांडायला आलेली नाही, हे आधीच सांगते. पुढे काही ठिकाणी तसं वाटेल. तुमच्यातले बरेच जण दिवसभराची नोकरी सांभाळून, रात्री जागून, पदरमोड करून आमच्यासाठी ही जागा चालवता, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते ठाऊक आहे म्हणूनच लिहितेय. मॅस्टोडॉनवर, म्हणजे फेडिव्हर्सवरच्या ट्विटरसारख्या माध्यमावर, आजवर मी तीन सर्व्हर पाहिले. पहिला बंद पडला, दुसरा मी सोडला, तिसऱ्यावर गेलं वर्षभर मॉडरेटर म्हणून, म्हणजे तक्रारी बघायला, हातभार लावते आहे. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंनी थोडंथोडं बघून झालंय.

पहिल्याची गोष्ट आधी सांगते.

सर्व्हरचं नाव लिहीत नाही, चालवणाऱ्याचंही नाही. माणूस भला होता. नवीन कुणी आलं की स्वतः स्वागत करायचा. कुणाचा फोटो चढत नसेल तर रात्री बारालाही उत्तर द्यायचा. एका गुरुवारी रात्री अकराच्या सुमाराला त्याची पोस्ट आली : ‘आता माझ्याने होत नाही. रविवारी रात्री सर्व्हर बंद करतोय. माफ करा.’ बस्स, एवढंच. खाली पहिली दहा-बारा मिनिटं एकही उत्तर नव्हतं. मग एकदम शंभर आली.

पुढचे तीन दिवस नुसती धावाधाव. मॅस्टोडॉनवर घर बदलायची रीत तुम्हाला पाठ असेल, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. आधी नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं. तिथे ‘माझं जुनं खातं अमुक’ अशी नोंद करायची. मग जुन्या खात्यात जाऊन ‘मी आता तमुक पत्त्यावर’ असं सांगायचं. हा निरोप जुना सर्व्हर तुमच्या फॉलोअरांच्या सर्व्हरांना पोचवतो, आणि फॉलोअर आपोआप नव्या खात्यामागे येतात. मेख इथेच आहे. निरोप न्यायचा तो जुन्या सर्व्हरनेच. तो बंद पडला की निरोप्याच गेला. त्या शनिवार-रविवारी ज्यांनी मॅस्टोडॉन उघडलं नाही, त्यांना काही वाचवता आलं नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आठवडाभर इस्पितळात होत्या. घरी येऊन बघतात तो पत्त्यावर कोरं पान. साडेतीन वर्षांत जमवलेली माणसं कुठे शोधायची, हे त्या मला विचारत होत्या. मी काय सांगणार?

बरं, ज्यांना निघता आलं त्यांनी तरी काय नेलं? फॉलोअर आले. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, या फाइलमधून उतरवून घेता आल्या. पोस्ट मात्र जागच्या जागी राहिल्या. माझ्या चार वर्षांच्या पोस्टची एक झिप फाइल संगणकावर पडून आहे. उघडून वाचता येते, पण दुसऱ्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर ती चढवता येत नाही. ‘इथे तुम्ही कधीही घर बदलू शकता’ असं आपण नव्या माणसाला अभिमानाने सांगतो ना? घर बदलता येतं. सामान राहतं.

त्या माणसाचा मला तेव्हा रागच आला होता. पुढे कळलं की दोन वर्षं तो सगळं एकट्याने ओढत होता : अपडेट, बॅकअप, तक्रारी, बिलं, आणि दर आठवड्याला कुणीतरी कुणाबद्दल तरी लिहिलेलं लांबलचक पत्र. त्याने कधी मदत मागितली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. सर्व्हरचा पासवर्ड एकाकडे, डोमेनचं खातं एकाकडे, पैशाचा हिशेब एकाच्या डोक्यात. आम्ही मात्र येताजाता ‘आमची विकेंद्रित जागा’ म्हणत होतो.

विकेंद्रित हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. ॲक्टिव्हिटीपब हा फेडिव्हर्समागचा प्रोटोकॉल विकेंद्रित आहे, यात शंका नाही. २०१८ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला शिफारशीचा दर्जा दिला, आणि एका सर्व्हरने दुसऱ्याशी कसं बोलावं याचे नियम त्यात सविस्तर आहेत. पण सर्व्हरच्या आत किल्ली कुणाकडे असावी, ॲडमिन आजारी पडला तर काय, त्याला कंटाळा आला तर काय, याबद्दल प्रोटोकॉल काही बोलत नाही. बोलणारही नाही. ते त्याचं कामच नाही. एका बलाढ्य मालकाच्या जागी काही हजार लहान मालक आले, एवढाच विकेंद्रीकरणाचा अर्थ उरणार असेल, तर आम्ही नेमके कशातून सुटलो? मोठा मालक निदान वीस माणसांना पगार देऊन रात्रपाळीला बसवतो. लहान मालकाला झोप लागली की सगळ्या गावाचे दिवे गेले.

पहिली कळ नेहमी यंत्राला येते, म्हणून आधी यंत्राचं.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं, आणि महिन्या-दीड महिन्यात मॅस्टोडॉनची मासिक वर्दळ तीन लाखांवरून पंचवीस लाखांच्या घरात गेली. हे आकडे खुद्द मॅस्टोडॉनचे कर्ते ऑयगन रोख्को यांनी दिलेले. त्या दिवसांत सकाळी लिहिलेली पोस्ट संध्याकाळी पोचायची. लोकांना वाटे, आपल्याला कुणी उत्तरच देत नाही. प्रत्यक्षात उत्तरं पाठवायच्या रांगेत ताटकळत असायची. हॅचीडर्म नावाचा सर्व्हर त्या नोव्हेंबरात काही शेकड्यांवरून तीस हजारांवर गेला. तो चालत होता संस्थापक क्रिस नोव्हा यांच्या घराच्या तळघरात. तिथल्या डिस्क दगा देऊ लागल्या, फोटोंचा साठा त्याच डिस्कवर, आणि एका जागची कुरकुर सगळ्या सर्व्हरभर पसरली. अखेर सगळा बाडबिस्तरा जर्मनीतल्या भाड्याच्या यंत्रांवर हलवला. त्यांनी काय चुकलं, कधी चुकलं, कोणता उपाय फसला हे सगळं सभासदांसमोर लिहून मांडलं. मला वाटतं त्या प्रकरणात तांत्रिक धड्यापेक्षा हे मांडणंच मोठं होतं. यंत्र पडलं म्हणून तीस हजार लोक रागावले नाहीत. आपल्याला कुणी काही सांगत नाही, यावर माणसं रागावतात.

बरं, बोजा फक्त आपल्या माणसांचाही नसतो. आपल्याकडचे पन्नास जण बाहेरच्या पाच हजारांना फॉलो करतात. त्या पाच हजारांनी टाकलेले फोटो आपल्या सर्व्हरवर प्रत रूपाने येऊन बसतात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! नव्या ॲडमिनला महिन्याभरात डिस्क भरल्याचा इशारा येतो तेव्हा तो आपल्या सभासदांकडे संशयाने बघतो. दोष त्यांचा नसतो. परक्यांचे जुने फोटो ठरावीक दिवसांनी झाडून टाकायची सोय आहे, ती पहिल्या दिवशीच लावून घ्या. ॲडमिनची ही पहिली वहिली चूक मी तीनदा पाहिली आहे, तीन वेगवेगळ्या हुशार माणसांकडून.

यंत्र पैशाने आणि कौशल्याने सुधारतं. माणसांचं तसं होत नाही.

तक्रारींची रांग म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. मागच्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एका बाईंनी तक्रार नोंदवली : माझ्या पोस्टखाली काही खाती मला छळत आहेत. आमच्या मुख्य ॲडमिनला मराठी येत नाही. त्याने उत्तरं मशीनकडून भाषांतरित करून घेतली. ‘तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं.’ ‘थोर आहात.’ ‘आम्हा पामरांना तुमच्यापुढे काय कळणार.’ भाषांतरात हे सगळं आदराचं, जवळजवळ भक्तिभावाचं वाटतं. तक्रारीवर शेरा पडला : आक्षेपार्ह काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांग उघडली. चौदा खाती, दोन दिवसांत साठेक उत्तरं, सगळी याच सुरातली, आणि पाचसहा तर शब्दशः एकच. मराठी वाचणाऱ्या कुणालाही हे एका नजरेत कळलं असतं. ॲडमिनची नियत साफ होती, कष्ट होते, वेळही दिला होता. कमी होतं ते दुसरं डोकं.

या कामात याहून वाईटही समोर येतं. २०२३ च्या जुलैमध्ये स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीने वर्दळीच्या पंचवीस सर्व्हरांवरच्या सुमारे सव्वातीन लाख पोस्ट दोन दिवस तपासल्या. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच ज्ञात असलेल्या सामग्रीशी जुळणाऱ्या ११२ गोष्टी त्यात सापडल्या. यावर आपल्यात दोन टोकं झाली. एक म्हणे सगळं फेडिव्हर्स सडलंय, दुसरं म्हणे हा बदनामीचा डाव आहे. मला दोन्हींत रस नाही. माझा प्रश्न साधा आहे. असं एखादं चित्र रात्री दोन वाजता तुमच्या डिस्कवर येऊन बसलं, तर तुम्ही काय कराल? कायद्याने काय करायला हवं, कुणाला कळवायचं, ते पुसायचं की पुरावा म्हणून ठेवायचं, हे तुम्हाला आत्ता, या क्षणी ठाऊक आहे का? नसेल तर दार उघडायच्या आधी शोधून लिहून ठेवा. आणि ते पाहिल्यावर दोन दिवस तुम्हाला रांगेपासून लांब राहावंसं वाटेल तेव्हा रांग कोण बघेल, हेही.

एकट्या माणसाचं डोकं कसं कोंडीत सापडतं याचं जुनं उदाहरण २०१८ चं आहे. विल व्हीटन हे अभिनेते ट्विटर सोडून एका मॅस्टोडॉन सर्व्हरवर आले. त्यांच्याविरुद्ध तक्रारींचा असा पाऊस पडला की चालवणाऱ्याने त्यांनाच जायला सांगितलं. व्हीटन यांचं काही चुकलं होतं की नव्हतं, यावर लोक अजून वाद घालतात. घालू देत. खरी गोम अशी की शहानिशा करायला लागणारा वेळच त्या एका माणसाकडे नव्हता. वेळ नसला की जो जास्त ओरडतो त्याचा निकाल लागतो. पुढे कितीतरी टोळ्या हे शिकल्या.

आता दाराबद्दल.

नव्या ॲडमिनला सभासदांचा आकडा वाढताना बघून जो आनंद होतो तो मी समजू शकते. पण ज्या सर्व्हरवर कुणाचं लक्ष नाही आणि नोंदणी सताड उघडी आहे, तो सगळ्या शेजाऱ्यांना ताप असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत स्पॅमची जी लाट आली ती नेमकी अशाच ओस पडलेल्या लहान सर्व्हरांवरून आली. कुणीतरी हौसेने उभारलेले, मग विसरलेले, दार मात्र उघडं. हल्लेखोरांनी तिथे धडाधड खाती उघडली आणि जगभर कचरा ओतला. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत मॅस्टोडॉनची ४.२.८ आवृत्ती आली. तिच्यात एक लहानशी सोय आहे : आठवडाभर एकही मॉडरेटर फिरकला नाही, तर खुली नोंदणी आपोआप ‘मंजुरी घेऊनच’ अशी होते. मला ही सोय फार आवडते. पहारेकरी नसेल तर दार लोटून घ्यावं, एवढी अक्कल सॉफ्टवेअरला आली. आपल्याला कधी येणार?

दार लावणं म्हणजे हार मानणं, असं तुमच्यातल्या अनेकांना वाटतं. २०२३ च्या जूनमध्ये रेडिट या चर्चामंचाच्या एपीआय (बाहेरच्या ॲपना जोडून घ्यायची सोय) धोरणावरून माणसं लेमी या फेडिव्हर्सवरच्या तशाच मंचावर लोटली, तेव्हा बीहॉ नावाच्या सर्व्हरने तिथल्या दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले. मूठभर चालक, हाताशी अपुरी साधनं, आणि पलीकडे कुणालाही खातं देणारी खुली नोंदणी. गहजब झाला. पण त्यांनी कारण लिहून दिलं : आम्हाला ज्या प्रकारची जागा ठेवायची आहे ती इतक्या माणसांत, या साधनांनी सांभाळता येत नाही; साधनं सुधारली तर पुन्हा विचार करू. निर्णय तुम्हाला पटो न पटो, सभासदांना काय तुटलं आणि का तुटलं ते कळलं.

मी दुसरा सर्व्हर सोडला तो याच्या उलट कारणाने. एका सकाळी माझ्या फॉलोअरांतले चाळीसेक जण कमी दिसले. कुणाशी बिनसलं म्हणून मी दोन दिवस मनाला लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी समजलं की आमच्या ॲडमिनने रात्री भलत्याच वादावरून त्यांचा अख्खा सर्व्हर ब्लॉक केला होता. अशा ब्लॉकने दोन्हीकडची फॉलो नाती तुटतात आणि ब्लॉक उठवला तरी ती आपसूक परत जुळत नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, ‘माझा सर्व्हर आहे.’ खरंच होतं ते. त्याचाच होता.

अलिखित नियमांचंही असंच आहे. जुन्या मंडळींना वाटतं की इथल्या रीतीभाती सगळ्यांना ठाऊकच आहेत : फोटोला वर्णन जोडावं, नाजूक विषय इशाऱ्याच्या पडद्याआड ठेवावा, कुणाच्या पोस्टखाली जाऊन उगाच शहाणपण शिकवू नये. यातल्या फोटोच्या वर्णनाची रीत तर मला सगळ्या समाजमाध्यमांत असायला हवी असं वाटतं. न दिसणाऱ्या माणसाला त्यामुळे फोटो ‘ऐकता’ येतो. पण रीत सांगणारा माणूस आणि रीत मोजणारी पट्टी, दोन्ही जुन्यांच्याच हातात असली की काय होतं ते २०२२ च्या शेवटी दिसलं. कृष्णवर्णीय सभासद आपल्या रोजच्या वंशभेदाच्या अनुभवाबद्दल लिहीत होते, आणि त्यांना सांगितलं जात होतं, हे पडद्याआड टाका, इतरांना त्रास होतो. ज्याला घाव बसला त्यानेच तो झाकून ठेवावा, असा हा शिष्टाचार. त्यातले बरेच जण निघून गेले, आणि परत आले नाहीत. नियम चार लोकांच्या डोक्यात राहिले की ते नेहमी त्या चार लोकांच्या सोयीचे निघतात. लिहा, चव्हाट्यावर मांडा, त्यावर नव्या माणसांना बोलू द्या. १९९३ च्या सप्टेंबरपासून यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर नव्यांचे लोंढे थांबेनात, तेव्हा जुन्यांनी त्याला ‘कधी न संपणारा सप्टेंबर’ असं नाव दिलं. विनोद म्हणून ते छान आहे. पण यूजनेटवर नंतर किती वस्ती उरली, तेही आठवावं.

सर्व्हर मरतात. हे मान्य करायला आपण फार कचरतो. मॅस्टोडॉन डॉट लोल हा बारा हजारांच्या आसपास खाती असलेला सर्व्हर. २०२३ च्या फेब्रुवारीत एका व्हिडिओ गेमवरून वाद पेटला, त्यात चालकावर द्वेषाचा मारा झाला, आणि त्याने थांबायचं ठरवलं. पण मुदत दिली तीन महिन्यांची. मला त्याचं थांबणं पटतं आणि मुदत देणं तर फारच पटतं. क्वीर डॉट एएफ या सर्व्हरचं दुखणं वेगळं. ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तालिबानच्या राजवटीत तिथल्या मंत्रालयाने ते काढून घेतलं. गमतीदार वाटणारा पत्ता निवडताना त्याची दोरी कुठल्या सरकारच्या हातात आहे, हे बघायचं राहूनच जातं. केबिन हे लेमीसारखं सॉफ्टवेअर आणि त्याचा मुख्य सर्व्हर जवळजवळ एका विकसकाच्या जिवावर चालत होता. तो आजारी पडला, कामं साचली, लोकांनी मूळ कोड घेऊन एमबिन नावाने वेगळी वाट धरली, आणि मुख्य सर्व्हर २०२४ मध्ये दिसेनासा झाला. कोड जगला याचं कारण तो खुला होता. त्यावरची संभाषणं जगली नाहीत.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर एक करार मान्य करावा लागतो. तो लांबलचक नाही. वंशभेद, लिंगभेद यांविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल अशी निदान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचं तर निदान तीन महिन्यांची आगाऊ सूचना. यादीत यायचं नसेल तरी एवढं करायला कुणी अडवलंय? आमच्या पहिल्या ॲडमिनकडे ती ‘आणखी एक व्यक्ती’ असती, तर त्याला गुरुवारी रात्री अकराला ते लिहावं लागलं नसतं. तो एक महिना सुट्टीवर गेला असता, एवढंच.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, अहो, समित्या केल्या की कामं होत नाहीत. चर्चाच होते. खोटं नाही. सोशल डॉट कोऑप हा सर्व्हर २०१७ पासून सहकारी तत्त्वावर चालतो, सभासद वर्गणी देतात आणि मतदानाने ठरवतात. तिथे निर्णय धिमे होतात हे उघड आहे. सगळ्यांनी तसंच करावं असं माझं म्हणणंही नाही. मला स्वतःला दर गोष्टीवर मत द्यायचा कंटाळा येतो. पण एकाची हुकूमशाही आणि सगळ्यांची लोकशाही यांच्या मध्ये बरीच मोकळी जमीन आहे. तिथे तीन माणसं आरामात राहू शकतात. गाव करी ते राव न करी म्हणतात, आणि आपल्याकडे तर गावही नको, तिघंच पुरेत. खुद्द रोख्को यांनी २०२५ च्या जानेवारीत मॅस्टोडॉनची मालकी ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचा इरादा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्य कार्यकारी पद सोडलं. ज्याने पहिली ओळ लिहिली त्याला किल्ली खाली ठेवता आली. दोनशे सभासदांच्या सर्व्हरवर ती का ठेवता येऊ नये?

आमच्या आताच्या सर्व्हरवर किल्ल्या तिघांकडे आहेत. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण या तिघांनीही एकदा चांगलीच फजिती करून घेतली. आगीचा सराव म्हणा हवं तर : एका रविवारी आम्ही ठरवलं की मुख्य यंत्र जळालं असं धरायचं आणि बॅकअपवरून दुसऱ्या यंत्रावर सर्व्हर उभा करायचा. डेटाबेस आला. फोटो आले. सर्व्हर उभा राहिला, आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावलेला एकही सभासद आत येऊ शकेना. गुप्त संकेत ठेवलेली ती चार ओळींची सेटिंगची फाइल आमच्या रोजच्या बॅकअपमध्ये नव्हतीच. दीड वर्ष आम्ही रोज रात्री नेमाने अपुरा बॅकअप घेत होतो. पहाटेपर्यंत हसत होतो, पण खरी आग लागली असती तर? सराव करा. निदान एकदा. आणि तुमच्याऐवजी दुसऱ्याला करायला लावा, कारण तुमच्या डोक्यातल्या पायऱ्या कागदावर नाहीत हे तेव्हाच कळतं.

आम्हा सभासदांची बाजूही स्वच्छ नाही. फुकटात राहायचं, पहिली तक्रार आपली आणि पहिलं आभाराचं पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहायचं, अशी आमची रीत. चार वर्षांत त्या पहिल्या ॲडमिनला मी एकदाही विचारलं नाही की बिल किती येतं. त्यामुळे मागायचं आहे ते हात जोडूनच मागते.

हिशेब महिन्यातून एकदा सभासदांपुढे मांडा, तोटा असला तरी. दुसरी व्यक्ती कोण, तिचं नाव सर्व्हरच्या माहिती पानावर टाका. एखाद्या सर्व्हरशी संबंध तोडायचे असतील तर शक्य तिथे चार दिवस आधी सांगा, म्हणजे ज्यांचे जीवाभावाचे लोक तिकडे आहेत त्यांना पत्ता देता-घेता येईल. छळाचं किंवा गुन्ह्याचं प्रकरण असेल तर अर्थात लगेच तोडा आणि मग सांगा. आणि तुम्ही थकलात, तर ते थकल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगा. सहाव्या महिन्यात नको. ‘मला आता जमत नाहीये’ हे वाक्य आम्हाला वेळेवर ऐकू आलं, तर आमच्यातलं कुणी ना कुणी उठेल. निदान मी उठेन.

ते नुसतं बोलायचं म्हणून लिहिलेलं नाही. आमच्याकडे रविवारी रात्री दहा ते बारा तक्रारींची रांग माझ्याकडे असते. त्या वेळात आणखी एका सर्व्हरची रांग बघणं मला जमेल. तुमच्याकडे मराठीतल्या तक्रारी येत असतील आणि ‘पायाचं तीर्थ’ कळणारं कुणी नसेल, तर मला कळवा. खासगी निरोप पाठवलात तरी चालेल. तो तुमच्या आणि आमच्या, दोन्हीकडच्या ॲडमिनला वाचता येतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. आमच्याकडे तिघांपैकी कुणीही वाचला, तरी माझ्यापर्यंत पोचेल.

आपली,
तीन सर्व्हर फिरलेली एक सभासद